पार्श्वभूमी : पातळ लॅपटॉप आणि बोर्डावरच पक्की झालेली रॅम

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये आईवडिलांबरोबर आलेली मुलं लॅपटॉप आधी उचलून बघतात. वजन पसंत पडलं की मग प्रोसेसर, स्टोरेज, हप्ते. रॅम, म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी, पुढे वाढवता येईल का, हा प्रश्न सहसा तीन-चार वर्षांनी उभा राहतो, तोही दुरुस्तीच्या टेबलावर. "ऑनबोर्ड है भिया, कुछ नहीं होगा," एवढं ऐकून परत आलेली मंडळी इथल्या मराठी घरांतही आता कमी नाहीत.

सडपातळ लॅपटॉपची हौस जुनी. जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची यंत्रं जपानी कंपन्यांनी 1997-98 च्या सुमारासच काढली होती. ती महाग होती आणि सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचली नाहीत. खरा बदल जानेवारी 2008 मध्ये झाला. कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखवलेला ॲपलचा पहिला मॅकबुक एअर सर्वांत जाड जागी 19.4 मिमी, कडेला 4 मिमी आणि वजनाला 1.36 किलो होता. त्यासाठी सीडी ड्राइव्ह गेला, नेटवर्कची खाच गेली, यूएसबी एकच उरला, बॅटरी झाकणाआड बंद झाली. या वगळलेल्या गोष्टींवर तेव्हा भरपूर ओरड झाली. 2 जीबी रॅम थेट मुख्य सर्किट बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे धातू वितळवून पक्की जोडलेली होती, याबद्दल मात्र तुलनेने कमी बोललं गेलं.

2011 मध्ये एका मोठ्या चिप कंपनीने तैपेईत 'अल्ट्राबुक'ची घोषणा केली आणि त्यासाठी 30 कोटी डॉलरचा निधी उभा केला. 14 इंचांपेक्षा लहान पडद्याच्या यंत्राला जाडीची मर्यादा 18 मिमी, त्याहून मोठ्याला 21. नेहमीच्या 35 वॅटच्या प्रोसेसरऐवजी 17 वॅटचा. विंडोज लॅपटॉप बनवणाऱ्या बहुतेकांनी हा मार्ग धरला, आणि रॅमची पट्टी काढता-घालता येणारे स्लॉट एकेक करून दिसेनासे झाले.

स्लॉट काढण्यामागे दोन कारणं सांगितली जातात, आणि ती वेगवेगळी तपासायला हवीत. पहिलं, जागा. रॅमचा स्लॉट बोर्डावर सुमारे 4 मिमी उंची खातो, शिवाय लांबी-रुंदी आहेच. दुसरं, वीज. एलपीडीडीआर जातीची कमी विजेवर चालणारी रॅम प्रोसेसरच्या अगदी जवळ, आखूड वाटांनी जोडावी लागते. नेहमीच्या स्लॉटमध्ये ती मिळतच नाही. दुसरं कारण खरं आहे. लॅपटॉप बंद न करता स्लीपमध्ये ठेवला तरी बॅटरी टिकते, त्यात या रॅमचा मोठा वाटा आहे. पण पहिलं कारण पटत नाही. 2021 मध्ये एका लहान अमेरिकी कंपनीने 15.85 मिमी जाडीचा, 1.3 किलोचा लॅपटॉप विकायला काढला आणि त्यात रॅमचे दोन स्लॉट दिले. अल्ट्राबुकच्या मर्यादेपेक्षाही तो पातळ होता. म्हणजे जागा होती.

तिसरं कारण जाहिरातीत येत नाही, ते किमतीचं. स्लॉट असेल तर गिऱ्हाईक बाजारातून रॅम आणून बसवतो. नसेल तर लागेल तेवढी पहिल्याच दिवशी, कंपनीच्या दराने घ्यावी लागते. मॅकबुक एअरवर 8 जीबीची 16 करायला अनेक वर्षं 200 डॉलर जादा पडत. 8 जीबीपासून सुरुवात करणं तिथे ऑक्टोबर 2024 मध्ये थांबलं.

दरम्यान गरज वाढत गेली. 2009 मध्ये 64 बिटच्या विंडोज 7 ला किमान 2 जीबी पुरत होते, 2021 च्या विंडोज 11 ला 4 लागले, आणि 2024 मध्ये एआयचा शिक्का मारलेल्या विंडोज यंत्रांसाठी 16 ही किमान अट झाली. धडधाकट पडदा, चांगला कीबोर्ड आणि 4 जीबी पक्की रॅम असलेला लॅपटॉप केवळ याच एका कारणाने मोडीत निघतो, हे मला साफ चुकीचं वाटतं.

मागचं झाकण काढलं की फरक लगेच दिसतो. जुन्या जाड यंत्रात स्लॉटच्या दोन बाजूंना धातूच्या चिमट्या असतात; त्या बाहेर दाबल्या की रॅमची पट्टी आपोआप तिरकी वर येते, नवी बसवून झाकण लावेपर्यंत चहाही गार होत नाही. पातळ यंत्रात तांब्याच्या हीट पाइपशेजारी काळ्या चिपा ओळीने बसलेल्या, खाली बारीक सोल्डरचे थेंब. गरम हवेने त्या उतरवून मोठ्या बसवणारे कारागीर आहेत, पण फर्मवेअरने, म्हणजे बोर्डातच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरने, नवी चिप ओळखली नाही तर मेहनत वाया, आणि बोर्ड तापून गेला तर लॅपटॉपच गेला.

इतर तडजोडी त्यामानाने निस्तरल्या गेल्या. 2015 मध्ये 13.1 मिमीच्या मॅकबुकसोबत आलेला अतिउथळा कीबोर्ड धुळीने अडकू लागला. 2018 मध्ये मोफत दुरुस्ती योजना आली आणि 2019 च्या अखेरपासून जुनी रचना परतू लागली. पंखा नसलेल्या यंत्रांचा तापण्याचा प्रश्न 2020 नंतरच्या चिपांनी बराच सौम्य केला. तरी अशा यंत्रांना वापराची कमाल मर्यादा 35 अंश सांगितलेली असते, आणि मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार जातो, एवढं ध्यानात ठेवावं.

भारतात दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने 2022 मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही झालं. तिथे सुट्या भागांची आणि सेवेची माहिती मिळते. सोल्डर केलेल्या रॅमबाबत त्याचा उपयोग नाही.

2024 मध्ये घडामोडी दोन दिशांनी झाल्या. एका चिप कंपनीने रॅम थेट प्रोसेसरच्या पॅकेजवरच आणली, 16 किंवा 32 जीबी, पुढे वाढ नाही. नंतर तिनेच हा प्रयोग पुढे चालवणार नसल्याचं सांगितलं. त्याच वर्षी एलपीकॅम2 हे स्क्रूने बसणारं मॉड्यूल बाजारात आलं. त्यात कमी विजेची रॅमही आहे आणि ती बदलताही येते, म्हणजे सोल्डरमागचं खरं कारणही आता उरलेलं नाही. मात्र ते सुरुवातीला जड व्यावसायिक कामांच्या महागड्या वर्कस्टेशन लॅपटॉपमध्येच आलं. विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या पातळ यंत्रांत ते येईपर्यंत स्पेसिफिकेशनमध्ये 'ऑनबोर्ड' किंवा 'सोल्डर्ड' लिहिलं असेल तर 16 जीबीच्या खाली जाऊ नये.