ताण तुटतो तेव्हा: संत्र्याच्या बागेची आणि आभाळाची गोष्ट

जानेवारीच्या सुरुवातीला वरुड-मोर्शीकडच्या एखाद्या बगीच्यात गेलात तर संत्र्याची पानं मलूल होऊन वळलेली दिसतात, काही पिवळी पडून आळ्यात गळालेली असतात. नवख्याला वाटतं, बाग वाळून चालली. खरं तर ओलित मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. याला ताण देणं म्हणतात. तहानेनं झाडाची वाढ थांबते, फांद्यांत अन्नसाठा होतो आणि पाणी सोडलं की नव्या पालवीबरोबर फुलं फुटतात. हलक्या जमिनीला ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीला जास्त दिवस लागतात. विदर्भातला संत्रा या कोरड्या दिवसांच्या भरवशावर उभा राहिला, आणि आज तोच भरवसा राहिलेला नाही.

अठराव्या शतकात दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी औरंगाबादहून संत्र्याची झाडं नागपूरला आणल्याचं सांगतात. तिथून हे झाड काटोल, वरुड, मोर्शीपर्यंत पसरलं आणि शेंदूरजनाघाट हे कलमांचं गाव झालं. बागाईतदारांनी मुख्यतः दोन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, धरले: आंबिया आणि मृग. आंबियाचा ताण जानेवारीत सोडायचा, फळ उन्हाळाभर झाडावर सांभाळायचं, तोड पावसाळा संपल्यावर. मृगासाठी मे महिन्यात झाड तापू द्यायचं, जूनच्या पावसावर फुलं घ्यायची, तोड फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात दम तो आंबिया धरायचा, बाकीच्यांची भिस्त मृगावर. नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव, हे पंचांगात पाहूनच घरातली जुनी माणसं कामाचा अंदाज बांधायची. त्यांना मी भाबडं म्हणणार नाही. पाऊस मागंपुढं झाला तरी ऋतू आपल्या जागी असायचा.

पुढे जूनमध्ये पावसाचे मोठे खंड पडू लागले, तसा मृग बेभरवशाचा झाला आणि लोक आंबियाकडे वळले. आंबिया म्हणजे मार्च ते जून जमिनीखालचं पाणी. विहिरी आटल्या, बोअर खोल गेले, वरुड तालुक्यातला भूजलाचा उपसा अतिशोषित पातळीला पोहोचला. 2019 च्या उन्हाळ्यात या पट्ट्यात उभ्या बागा वाळल्या. पंधरा-वीस वर्षं पोसलेल्या झाडाच्या बुंध्याला करवत लावताना माणूस तोंड फिरवून उभा राहतो, हे मी पाहिलं आहे.

गारपिटीचा घाव वेगळा. फेब्रुवारीत आंबियाची फुलं असतात आणि मृगाची फळं तोडणीला आलेली असतात. म्हणून 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली आणि 2018 च्या फेब्रुवारीतली गारपीट इतकी झोंबली: एकाच दुपारी दोन्ही हंगाम मार खातात. फळाच्या सालीवर गारेचा नुसता डाग पडला तरी व्यापारी भाव पाडतो.

त्याहून अवघड आहे चुकीच्या वेळचा साधा पाऊस. डिसेंबर-जानेवारीत दोन दिवस ढगाळून सरी आल्या की अर्धवट बसलेला ताण तुटतो, आणि फुलांऐवजी नुसती पालवी येते किंवा बहार तुकड्यातुकड्यानं फुटतो. ताण टिकावा म्हणून मग झाडाची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराईडची फवारणी करावी लागते. 2025 मध्ये मे महिन्यातच राज्यभर पाऊस झाला, 26 मे रोजी मान्सून मुंबईत पोहोचला आणि नंतर थबकला. मृगाचा ताण मोडायचा तो मोडला, पुढे जूनचं ऊन.

ऑगस्ट-सप्टेंबरची झड लांबली की काळ्या जमिनीत मुळांशी पाणी साचतं, फायटोप्थोरा बुरशी लागते, बुंध्यातून डिंक गळतो आणि हिरवी फळं सकाळी झाडाखाली सडा घातल्यासारखी पडलेली दिसतात. नागपुरात 1985 मध्ये लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं, आता ती केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं, उंच गादीवाफ्यावर लागवड, पावसाळ्याआधी बुरशी रोखणारं बोर्डो मलम, जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावरची (ज्या रोपावर कलम बांधतात त्यावरची) कलमं, हे उपाय सांगितले जातात. ज्यांनी केले त्यांच्या बागा तग धरून आहेत. पण खुंट बदलायचा म्हणजे बाग नव्यानं लावायची आणि फळासाठी पाचेक वर्षं थांबायचं.

हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, पण त्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. गार केंद्रापासून चार कोस दूरच्या शिवारात पडते. गारपिटीसाठी हप्ताही वेगळा भरावा लागतो.

यंदा आमच्या शेजारच्या वावरात जुन्या बागेची सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढून झाली आहे. पलीकडच्या दोन एकरांत गादीवाफे ओढलेत, त्यावर रंगपूरवरची कलमं लावलीत, आणि मधल्या पट्ट्यात तूर आहे.