कोष फुटू द्या

रेशीमशेती करणाऱ्या शेतकऱ्याची बॅच कोषावर संपते. चंद्रिकेवरून, म्हणजे अळ्या जिच्यावर कोष विणतात त्या चौकटीवरून, कोष उतरवले, निवडले, पोत्यांत भरले की माल जालन्याला किंवा कर्नाटकात रामनगरला बाजारात जातो. तिथून पुढे कोषातला जीव उष्णतेने मारतात, कारण पतंग बाहेर पडला की कोषाचा सलग धागा निघत नाही. म्हणजे पतंग, त्यांचं मीलन, अंडी हा आयुष्याचा उत्तरार्ध शेडमध्ये घडतच नाही. घरी पन्नासेक अळ्या पाळणाऱ्याला मात्र तो पाहता येतो. माझ्या मते घरी रेशीमकिडे पाळण्याचं सगळ्यांत मोठं कारण तेच आहे.

संगोपन अवघड नाही, शिस्तीचं आहे. ओळखीच्या रेशीम शेतकऱ्याकडून चॉकी अळ्या, म्हणजे दुसरी कात टाकलेल्या, मिळाल्या तर सुरुवातीचा नाजूक काळ टळतो. खाणं फक्त तुतीचा पाला. तो कोरडा हवा, आणि शेजारच्या शेतात फवारणी झाली असेल तर तो नकोच. डासांची कॉइल किंवा लिक्विड त्या खोलीत लावायचं नाही. तापमान २५ अंशांच्या आसपास, हवा खेळती. अळी अंड्यातून निघाल्यापासून २५ ते २८ दिवसांत चार वेळा कात टाकते. त्या वेळी ती डोकं वर करून दिवसभर निश्चल बसते. आजारी वाटली तरी हात लावू नये, पाला घालू नये. बहुतेक अळ्या कातीतून उठल्यावरच पुन्हा पाला द्यायचा.

या काळात अळीचं वजन जवळजवळ १०,००० पट होतं. एक अळी आयुष्यभरात साधारण २० ते २५ ग्रॅम पाला खाते, पण त्यातला ८० टक्क्यांहून जास्त शेवटच्या सातेक दिवसांत. पन्नास अळ्यांना एकूण सव्वा किलो पाला पुरतो, हे ऐकून निर्धास्त झालेल्यांची धावपळ त्या आठवड्यात होते. पाला संपला म्हणून दुसरं काही घालून चालत नाही. तुतीचा हा हट्ट काही अंशी चवीच्या संवेदनेत आहे. २०१९ साली चीनमधल्या संशोधकांनी चव ओळखणारं जीआर६६ हे एक जनुक निकामी केलं, तेव्हा त्या अळ्या सफरचंदासारखी फळंही कुरतडू लागल्या.

मग एके दिवशी अळी खाणं सोडते, थोडी आखडते, अंग पिवळसर पारदर्शक होतं आणि ती कोपरा शोधू लागते. शेडमध्ये तिला चंद्रिकेवर सोडतात. घरी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे चालतो. तिच्या शरीरातल्या दोन ग्रंथींमध्ये रेशीम द्रवरूपात असतं. त्यातलं फायब्रोइन हे प्रथिन नुसतं हवा लागून घट्ट होत नाही. अळी डोकं इंग्रजी आठाच्या आकारात फिरवत ते ओढते, त्या ताणानेच त्याचे रेणू रांगेत येतात आणि धागा बनतो. दोन ग्रंथींचे दोन तंतू सेरिसिन या डिंकाने एकमेकांना चिकटतात. दोन-तीन दिवसांत, न थांबता, सुमारे एक किलोमीटर धागा होतो.

इथे कोष उकळायचे नाहीत. दहा-बारा दिवस थांबायचं. पतंगाला चावायला जबडा नसतो. तो तोंडातून एक विकर (एन्झाइम) सोडतो, त्याने सेरिसिन विरघळतं आणि तंतू बाजूला सारून तो सहसा पहाटे बाहेर येतो. त्याला खाता येत नाही, उडताही येत नाही. हजारो वर्षं माणसाने पाळल्यावर त्याची उडण्याची ताकद गेली. तरी नर जोरजोरात पंख फडफडवत असतो, आणि ते वाया जात नाही: त्या फडफडीने समोरची हवा त्याच्या पिसासारख्या मिशांकडे ओढली जाते. त्या हवेत मादीचा गंध असतो. आडोल्फ बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जवळजवळ पाच लाख माद्यांच्या ग्रंथींमधून त्या गंधाचा रेणू वेगळा केला आणि १९५९ साली त्याची ओळख पटवली. बॉम्बिकॉल हे त्याचं नाव. रचना कळलेलं हे जगातलं पहिलं फेरोमोन, म्हणजे आपल्याच जातीच्या जिवांना संदेश देणारं रसायन. घरी साधा प्रयोग करा: मादी ठेवलेला कागद, ती उचलून घेतल्यावर, नराजवळ न्या. नर त्या रिकाम्या कागदाभोवती गिरक्या घेऊ लागतो.

मीलन झालेली मादी ४०० ते ५०० अंडी घालते. इथे हिशेब करायलाच हवा. पंचवीस माद्यांची अंडी ठेवली तर पुढच्या पिढीला दोनशे किलोंहून जास्त पाला लागेल. एका मादीची अंडी ठेवलीत तरी दहा किलो. पाल्याची सोय नसेल तर बाकीची अंडी उबण्याआधीच नष्ट करावीत. जन्मलेल्या अळ्यांना उपाशी मारणं क्रूर आहे.

अंडी आधी पिवळी असतात. काही दिवसांत ती राखाडी झाली तर आतला गर्भ झोपी गेला असं समजावं. हे अंड्याने नाही, आईने ठरवलेलं असतं, तेही ती स्वतः अंड्यात असताना. त्या वेळी उबदार हवा आणि भरपूर उजेड मिळालेली मादी पुढे झोपणारी अंडी घालते. थंडी आणि अंधार मिळालेली मादी लगेच उबणारी. ज्या जातींच्या वर्षाला दोन पिढ्या होतात, त्यांच्यात हे स्पष्ट दिसतं. शेतकऱ्यांसाठी अंडी तयार करणाऱ्या अंडीपुंज केंद्रात ही झोप हायड्रोक्लोरिक आम्लाने मोडतात. घरी आम्लाच्या वाटेला जाऊ नये. काही आठवडे सावलीत आणि मग काही महिने फ्रीजमध्ये, हा सावकाश मार्ग बरा.

आणि रोग. पेब्रिन हा सूक्ष्म परजीवीचा रोग आईकडून थेट अंड्यात उतरतो. एकोणिसाव्या शतकात त्याने फ्रान्सचा रेशीमधंदा मोडकळीला आणला. १८६५ साली लुई पाश्चर तिकडे गेले आणि अखेर त्यांनी सोपी रीत घालून दिली: प्रत्येक मादीला वेगळं ठेवून अंडी घालू द्यायची, नंतर तिला पाण्यात वाटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं. चकाकणारे लंबगोल बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी जाळायची. आपल्या शेतकऱ्याला मिळणारे रोगमुक्त अंडीपुंज आजही याच तत्त्वावर तपासले जातात. शाळेतला चांगला सूक्ष्मदर्शक असेल तर मुलांना ही तपासणी जरूर करू द्यावी.

पुढची पिढी मात्र पहिलीसारखी येत नाही. शेतकऱ्याच्या अळ्या संकरित असतात, अंडाकृती आणि मधे चिमटलेल्या कोषांच्या जातींच्या मिश्रणातून आलेल्या. त्यांची संतती विखुरते: कोषांचे आकार वेगवेगळे, अळ्यांची वाढ मागेपुढे. रेशीमकिड्यांनाही मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम लागू होतात हे जपानच्या तोयामा कामेतारो यांनी १९०६ साली दाखवलं. ते तुमच्या ट्रेमध्ये उघड्या डोळ्यांनी दिसतं. याच कारणाने, आणि पेब्रिनच्या भीतीनेही, घरची अंडी कोणत्याही शेतकऱ्याला देऊ नयेत. प्रयोग संपला की ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावेत, उरलेला पाला आणि विष्ठा खोल पुरावी, आणि जवळपास रेशीमशेड असेल तर तिथे जाण्याआधी हातपाय स्वच्छ धुवावेत.