टर्नटेबलची पिन इथवर कशी आली

नवं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घरात आलं की कार्ट्रिजचा, म्हणजे पिनेची थरथर विजेत बदलणाऱ्या छोट्या भागाचा, प्रश्न मागोमाग येतोच. एमएम (हलता चुंबक) घ्यायचं की एमसी (हलती कॉइल), पिनेचं टोक कोनिकल (गोल) की एलिप्टिकल (लंबगोल), रेकॉर्डवर पिनेचं वजन किती ग्रॅम ठेवायचं. माहितीपत्रकातल्या यातल्या जवळपास प्रत्येक ओळीमागे जुनी एखादी अडचण आहे. ती कळली की दुकानदाराच्या बोलण्यातलं किती घ्यायचं आणि किती सोडायचं तेही कळतं.

७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डच्या, जमान्यात निवड असायची ती पिनेची. पत्र्याच्या चपट्या डबीत २०० पोलादी पिना मिळायच्या. जाड पिनेचा आवाज मोठा, बारीक पिनेचा हळू. तेव्हाचं व्हॉल्यूमचं बटण ते हेच. प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची, कारण लाखेच्या रेकॉर्डमध्ये दगडाची बारीक भुकटी मुद्दाम मिसळलेली असे. पहिल्या काही फेऱ्यांत ही भुकटी पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं करून टाकी. वरून शंभर ग्रॅमहून जास्त भार. काटकसरी माणसं एकच पिन आठवडाभर चालवायची, आणि मग रेकॉर्डच्या काळ्याभोर अंगावर करडी झाक यायची. जुन्या बाजारात ७८ची रेकॉर्ड उजेडात तिरपी धरून बघतात ती यासाठीच.

१९२५च्या सुमारास ध्वनिमुद्रण विजेवर आलं, पाठोपाठ पिनेची थरथर विजेत बदलणारे चुंबकी पिकअप आले, पण तेही चांगलेच वजनदार होते. स्वस्ताई आणली ती १९३०च्या दशकातल्या क्रिस्टल कार्ट्रिजनं. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८०मध्येच दाखवलं होतं. रोशेल सॉल्टच्या स्फटिकाला पिन जोडली की सरळ व्होल्टाच्या आसपास सिग्नल मिळे आणि तो तसाच रेडिओला लावता येई. मात्र हे मीठच. पाण्यात विरघळणारं, दमट हवेत ओल धरणारं आणि ५५ अंशांच्या आसपास निकामी होणारं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्याला याहून गैरसोयीचा पदार्थ शोधून सापडणार नाही! युद्धानंतर बेरियम टायटनेटचं सिरॅमिक आलं तेव्हा ओलीची कटकट मिटली. साध्या प्लेअरमध्ये पुढे कित्येक वर्षं हेच सिरॅमिक असायचं. त्याला पुढे एक चिमुकली दांडी असे. ती फिरवली की एका बाजूला ७८ची पिन, दुसऱ्या बाजूला एलपीची, म्हणजे ७८नंतर आलेल्या बारीक खाचेच्या रेकॉर्डची. सुटकेसछाप स्वस्त प्लेअरमध्ये आजही बहुतेकदा सिरॅमिकच असतं, म्हणून त्यांचा भार जास्त असतो.

एलपी आली १९४८मध्ये, कोलंबियाची. खरी उलथापालथ तिथे झाली. ती व्हिनाइल या प्लास्टिकची. ते मऊ, त्यात भुकटी नाही, त्यामुळे पिनेला आकार द्यायला कुणी उरलं नाही. टोक आधीच नेमकं घासलेलं हवं आणि ते झिजायला नको. म्हणून आधी नीलम, मग हिरा. टोकाची त्रिज्या ७५ मायक्रॉनवरून २५वर उतरली. एवढ्याशा टोकावर जुना भार टाकला असता तर खाच उरलीच नसती. वजन उतरवणं तेव्हापासून सुरू झालं.

स्टीरिओची कल्पना मात्र जुनी. ईएमआय या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या अ‍ॅलन ब्लमलाइननं १९३१मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता: खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत, एकीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा. ती बाजारात यायला १९५८ उजाडलं. तोवर ब्लमलाइन हयात नव्हता. १९४२मध्ये रडारच्या चाचणीवर असताना विमान कोसळून तो गेला. आता पिनेला आडवं तर हलायचं होतंच, उभंही हलायचं होतं. इथून दोन वाटा फुटल्या. एकीत, पिन जिच्या टोकाला असते त्या बारीक दांडीमागे चिमुकला लोहचुंबक आणि कॉइल बाहेर स्थिर: एमएम. शुअर कंपनीचं एम३डी १९५८चंच. दुसरीत कॉइलच दांडीवर आणि चुंबक स्थिर: एमसी. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉनचं एसपीयू १९५९चं. जपानमध्ये डेनॉननं एनएचके या प्रसारण संस्थेसाठी १९६०च्या दशकात केलेलं डीएल-१०३ आजही बनतं.

एमसी म्हणजे वरचा वर्ग, अशी एक समजूत आहे. मला ती अर्धवट वाटते. एमएममध्ये पिन बोटानं ओढून काढता येते, झिजली की नवी बसते. एमसीत कॉइल दांडीलाच गुंडाळलेली, त्यामुळे पिन गेली की अख्खं कार्ट्रिज बदला किंवा कारागिराकडे पाठवा. शिवाय एमएम ४-५ मिलिव्होल्ट देतं, डीएल-१०३ जेमतेम ०.३, म्हणजे हा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या फोनो अ‍ॅम्पचा खर्च वेगळा. पहिल्या टर्नटेबलवर हा उद्योग कशाला?

पैसे घालायचेच तर टोकाच्या आकारात घाला. रेकॉर्ड कापणारं हत्यार छिन्नीसारखं असतं; गोल टोक लेबलजवळच्या दाटीच्या खाचेत नीट शिरत नाही आणि शेवटच्या गाण्यात ‘स’चा उच्चार फाटतो. एलिप्टिकल टोक आलं ते यावर. शिबाता नावाच्या आणखी एका टोकाच्या आकाराची कथा जरा मजेशीर आहे. जेव्हीसी या जपानी कंपनीच्या, चार वेगळ्या आवाज-वाहिन्यांच्या सीडी-४ रेकॉर्डवर ३० किलोहर्ट्झचा वाहक सिग्नल असे, तो वाचायला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हे टोक घडवलं. चार वाहिन्या बुडाल्या, टोक मात्र टिकलं.

त्याच दशकात वजन कमी करण्याचा नादच लागला होता. एक ग्रॅम, पाऊण ग्रॅम. पण फार हलकी पिन खाचेत उडते आणि भिंतींना ठोकरते. त्यानं रेकॉर्ड जास्त खराब होते. शिवाय तेवढ्या हलक्या भारासाठी दांडी फार लवचिक लागते, आणि ती जड आर्मवर, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या हातावर, बसवली तर जमिनीवरून कुणी चाललं तरी डोलते. उलट डीएल-१०३ची दांडी ताठ, तिला जड आर्म आणि अडीच ग्रॅम लागतात. हल्लीची बहुतेक साधी एमएम दोन ग्रॅमच्या आसपास स्थिरावली आहेत, ते उगाच नाही.

घरात आजोबांच्या बालगंधर्वांच्या ७८ असतील तर एलपीची पिन त्यांच्यावर टेकवू नका. रुंद खाचेत ती तळाशी जाते आणि तिथली धूळच वाचत बसते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत त्याच बॉडीवर ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ७५ मायक्रॉनची, पिन चढते. जुनी ओढून काढायची, नवी टचकन बसवायची आणि भार ५ ग्रॅमवर न्यायचा. पुन्हा एलपी लावताना तो खाली आणायला विसरायचं नाही.