टँक बॅग घेण्याआधी हे वाचा

आमचं काम मूळचं सीट कव्हरचं. नागपूरच्या महाल भागातल्या दुकानात बुलेटच्या सीटा शिवता शिवता गिऱ्हाईक विचारू लागले, "भाऊ, पेट्रोलच्या टाकीवर ठेवायची बॅग शिवून देता का?" तेव्हापासून टँक बॅग शिवतो आणि इतरांनी बनवलेल्याही विकायला ठेवतो. संध्याकाळी दुकानात गर्दी असते, प्रत्येकाला नीट समजावून सांगता येत नाही, म्हणून हा कागद छापला. जे बॅग परत घेऊन येतात, त्यांतल्या बहुतेकांची बॅग चांगलीच असते. फक्त ती त्यांच्या गाडीची नसते.

गाडी घेऊनच या

मोबाइलवर फोटो दाखवून बॅग मागू नका. स्प्लेंडर किंवा शाइनची टाकी अरुंद असते, पाच-सहा लिटरच्या वरची बॅग तिच्यावर दोन्ही बाजूंनी लोंबते. बुलेटची टाकी गोल, फुगीर. कडक सपाट तळाची बॅग तिच्यावर डुगडुगते, तिला मऊ तळ आणि बाजूंना वळणारे पंखे, म्हणजे पंखासारख्या कापडी कडा, लागतात. ड्यूकची टाकी पुढे उंच आणि मागे एकदम उतरती, तिथे पाचरीसारखा तळ नसेल तर बॅग ब्रेक लावला की पुढे आणि गाडी निघाली की पोटावर. डॉमिनार ४०० च्या टाकीवरच एक छोटा डिस्प्ले आहे, बॅग ठेवली की तो झाकला जातो. जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनवाल्यांचं सोपं आहे. टाकीच्या बाजूला लोखंडी रॅक असल्यामुळे पट्टे बांधायला जागा आयतीच मिळते.

बॅग ठेवली की हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवा, लॉक होईपर्यंत. कोपरा कुठे अडतो का, क्लचची वायर दबते का, हॉर्नचं बटण आपोआप वाजतं का, सगळं बघा. आमच्या एका गिऱ्हाइकाची गाडी इतवारीच्या गल्लीत वळवताना दरवेळी बंद पडायची. मेकॅनिकने कार्ब्युरेटर उघडून साफ केला, तरी तेच. आमच्यासमोर त्यांनी हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं आणि दिसलं : बॅगेचा भरलेला खिसा किल स्विचवर, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणावर, दाबत होता. मोकळ्या वर्धा रोडवर हा दोष कधी कळलाच नसता, कारण तिथे हँडल एवढं वळतच नाही.

मग सीटवर बसा, आणि कच्च्या रस्त्याने जाणारे असाल तर फूटरेस्टवर उभे राहा. पेंच किंवा उमरेडकडच्या गावरस्त्यांवर, मेळघाटाच्या घाटात खड्डे आले की उभं राहूनच गाडी सांभाळावी लागते. उभं राहून पुढे झुकल्यावर बॅग पोटात रुतत असेल तर ती तुमच्यासाठी मोठी आहे. रोजच्या वापराला ५ ते ८ लिटर पुरतात. दोन-तीन दिवसांच्या सहलीला १२ ते १५. त्यापेक्षा मोठी मागितली तर आम्ही देऊ, पण आमचं मत विचाराल तर जास्तीचं सामान मागच्या सीटवरच्या टेल बॅगेत बांधा.

चुंबक, पट्टे की रिंग

चुंबकाची बॅग काढायला-ठेवायला सगळ्यात सोपी. पेट्रोल पंपावर एका हाताने उचलली, बर्डीच्या बाजारात गाडी लावली की खांद्याला अडकवून नेली. शहरात फिरणाऱ्यांना आम्ही बहुधा हीच सुचवतो. पण टाकी लोखंडी पत्र्याची हवी. अनेक नव्या गाड्यांवर जे दिसतं ते प्लास्टिकचं कव्हर असतं, खरी टाकी त्याच्या खाली. घरच्या फ्रिजवरचं चुंबक काढा, रुमालात गुंडाळा आणि टाकीच्या वर, डावीकडे, उजवीकडे लावून बघा. एका बाजूला चिकटलं आणि दुसऱ्या बाजूला नाही, असंही होतं.

चुंबकाच्या तीन अडचणी आहेत. पहिली वाऱ्याची. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याकडे जाणारे आपले रायडर अमरावतीच्या जुन्या रस्त्यानेच निघतात, आणि तिथे ट्रक शेजारून गेला की त्याचा झोत हलक्या, उंच बॅगेला कडेने उचलायला बघतो. म्हणून चुंबकाच्या बॅगेलाही पुढून एक सुरक्षा-पट्टा लावून घ्याच. दुसरी अडचण मोबाइलची : चुंबकाजवळ फोन ठेवला की त्यातलं होकायंत्र बिघडतं आणि नकाशावरचा बाण भलतीकडे वळतो. एटीएम कार्डाची काळी पट्टी आणि हॉटेलचं किल्लीचं कार्डही तळाशी ठेवू नका. तिसरी सगळ्यात गंभीर. घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल तर चुंबकाची बॅग घेऊ नका, निदान त्यांच्या छातीपासून वीतभर तरी दूर ठेवा. बॅग छातीशी कवटाळून नेण्याची सवय असते, धोका तिथेच आहे.

पट्ट्यांची बॅग कुठल्याही टाकीवर बसते आणि खडबडीत रस्त्यावर हलत नाही. पुढचा पट्टा हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेभोवती जातो. तो ब्रेकच्या किंवा वायरिंगच्या वरून न्यायचा नाही, मधून मोकळ्या जागेतून न्यायचा. पेट्रोल भरताना मागची बक्कलं सोडून बॅग पुढे उलटायची. पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो, मग हात बसतो.

रिंगची बॅग आम्हाला स्वतःला आवडते, पण ती महाग पडते. पेट्रोलच्या झाकणाभोवतीचे स्क्रू काढून त्यावर रिंग बसवायची, बॅग तिच्यावर खटकन अडकते. बॅग टाकीला घासत नाही, रंग वाचतो. रिंग मॉडेलप्रमाणे वेगळी असते. घरी बसवणार असाल तर दोन गोष्टी : झाकणाभोवतीचे काही स्क्रू नुसते शोभेचे असतात, ते जोर लावून फिरवू नका, आणि काम सुरू करण्याआधी टाकीचं तोंड कापडाने झाका, एक स्क्रू आत पडला की दिवस जातो.

टाकीच्या झाकणाला श्वास लागतो

हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत वरून हवा यावी लागते. बऱ्याच गाड्यांच्या झाकणात त्यासाठी बारीक भोक असतं.

काही वर्षांपूर्वी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना माझी कार्ब्युरेटरची गाडी आचके देऊन बंद पडली. थोडं थांबलो, सुरू झाली, दोन वळणं चढली, पुन्हा बंद. प्लग काढून पुसला, वायर तपासली. शेवटी पेट्रोल किती उरलंय ते बघायला बॅग उचलून झाकण उघडलं, तर सूंऽ करून हवा आत ओढली गेली. बॅग घसरू नये म्हणून तिला मीच जाड रबराचा तळ शिवला होता, आणि तो तळ झाकणावर बुचासारखा दाबून बसला होता. पेट्रोल टाकीत होतं, पण हवा नसल्याने खाली उतरत नव्हतं.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक बॅगेच्या तळाला झाकणाच्या जागी खाच ठेवतो, किंवा फोमच्या पट्ट्यांमध्ये वाट ठेवतो. तुम्ही बॅग कुठूनही घ्या, तळ उलटा करून एवढं नक्की बघा.

नागपूरचं ऊन

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर दुपारी टाकीवर तळवा टेकवत नाही. काळी बॅग त्यावर दोन तास उभी राहिली की आत काय होतं ते समजून घ्या. पॉवर बँक, फोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या तापून खराब होतात. आयफोनसाठी अ‍ॅपल ३५ अंशांपर्यंतची हवा सांगतं, आपल्याकडे सकाळी दहालाच ते ओलांडलेलं असतं. बॅगेच्या वर नकाशासाठी पारदर्शक खिसा असतो, त्यात फोन ठेवला तर वरून ऊन आणि खालून टाकीची उष्णता, दोन्हीकडून भाजतो. उन्हाळ्यात तो खिसा रिकामा ठेवा. शिवाय इंजिनाच्या जोरदार थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरतेची यंत्रणा बिघडू शकते, हे अ‍ॅपलनेच २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.

डिओड्रंटचा कॅन आणि लायटर उन्हात बॅगेत ठेवू नका. कॅनवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते, वाचून बघा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते टँक बॅगेत मुळीच नेऊ नये, थंड पाऊचमध्ये, सामानाच्या मधोमध ठेवावं. आणि उन्हाळ्यात टाकी काठोकाठ भरू नका. पेट्रोल फुगून बाहेर आलं तर तळाचा फोम आणि त्याचा गोंद सुटतो.

पाण्यासाठी मात्र टँक बॅगेसारखी जागा नाही. दुपट्टा बांधून हेल्मेट घातलेल्या माणसाला बाटली काढायचा कंटाळा येतो आणि तो तहान मारतो. नळीवाली पाण्याची पिशवी बॅगेत ठेवली तर चालता चालता घोट घेता येतो. अशी नळी बाहेर काढायला आमच्या मोठ्या बॅगांना वर फट ठेवलेली आहे.

टाकीचा रंग

रंग बॅगेने जात नाही, बॅगेखालच्या धुळीने जातो. कोराडी-खापरखेड्याकडून रोज येणाऱ्यांच्या टाकीवर वीज केंद्रांच्या राखेचा थर असतो, उमरेडकडून येणाऱ्यांच्या टाकीवर कोळशाची भुकटी. त्यावर बॅग ठेवली की प्रत्येक खड्ड्याला पॉलिश पेपर फिरल्यासारखं होतं. हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका दादांची बॅग दुरुस्तीला आली होती. चुंबकाचा पंखा उलटला तर खाली लोखंडाचा कीस दाढीसारखा उभा राहिलेला, काटेरी. टाकीवर त्याच आकाराचा पांढरा डाग पडला होता. ज्यांच्या कामाच्या जागी ग्राइंडर चालतो त्यांनी पट्ट्यांची किंवा रिंगची बॅग घ्यावी.

बाकीच्यांनी रोज ओल्या फडक्याने टाकी आणि बॅगेचा तळ, दोन्ही पुसावं. काढलेली चुंबकाची बॅग जमिनीवर ठेवू नये. टाकीवर पारदर्शक फिल्म लावून घेतली तर उत्तमच. मॅट रंगाच्या गाडीला ती लावाच, कारण मॅट रंग घासला की तेवढाच भाग चकचकीत होतो आणि तो परत मॅट करता येत नाही.

कापड आणि शिलाई

चिठ्ठीवर १०००डी, १६८०डी असं लिहिलेलं असतं. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर, तोच हा 'डी'. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढंच. पाणी अडवतो तो आतला लेप, आणि तो काही वर्षांनी पांढरे पापुद्रे होऊन सुटतो. आपल्या उन्हात नायलॉनपेक्षा पॉलिएस्टर जास्त टिकतं, धागाही पॉलिएस्टरचाच मागा. सुती धाग्याची शिलाई दोन पावसाळ्यांत उसवते.

चेन मोठ्या दातांची घ्या. धुळीने रनर अडकू लागला तर तेल घालू नका, तेलावर धूळ आणखी बसते. जुना ब्रश फिरवून मेणबत्ती घासा. पावसाळ्यासाठी वेगळं रेन कव्हर येतं, ते खालून दोरीने आवळता येणारं घ्या, नाहीतर वाऱ्याने फुगून उडतं.

बॅगेत काय नको

साखळीचं कुलूप, नट खोलायचे पाने, टॉर्च. अपघातात अंग पुढे फेकलं जातं ते सरळ बॅगेवर, आणि आतली कडक वस्तू पोटात शिरते. जड लोखंडी सामान सीटखाली किंवा मागे बांधा. पुढे जॅकेट, पाणी, औषधं, डबा. एकूण वजन तीन किलोच्या आत ठेवा. मूळ आरसी आणि लायसन्सही बाळगायची गरज नाही, २०१८ पासून डिजीलॉकर आणि एमपरिवहन या मोबाइल अ‍ॅपमधली कागदपत्रं चालतात.

येताना

रोज घालता ते जॅकेट घालून या. डबा, रेनकोट, चार्जर, जे काही रोज सोबत असतं ते पिशवीत घालून आणा. आमच्या बॅगेत ते भरा, महालातल्या गल्ल्यांतून एक चक्कर मारून या, आणि मगच पैसे द्या. आम्ही शिवलेल्या बॅगेची शिलाई पुढे कधी उसवली तर घेऊन या, पुन्हा शिवून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.