ताण कामाचा की मुभा नसण्याचा?

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छ्यात एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, ताणाचं कारण विचारा. मालक म्हणेल, ऑर्डरची घाई. कामगार म्हणेल, सुपरवायझर. या भांडणात शास्त्र बरंचसं कामगाराच्या बाजूने आहे.

१९७९ मध्ये रॉबर्ट करासेक या संशोधकाने मांडलं, की नुसत्या जास्त कामाने माणूस खचत नाही. काम भरपूर आणि ते कसं, कोणत्या क्रमाने करायचं हे ठरवायची मुभा मात्र नाही, ही जोडी घातक. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या ‘व्हाइटहॉल-२’ पाहणीतही कामावर ताबा कमी असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त आढळला. बीपी साहेबांनाच होतो, हा आपला समज तेवढा खरा नाही.

धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रेनलिन सोडतात आणि छातीत धडधडतं. मागोमाग मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाचा निरोप त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीमार्गे त्याच ग्रंथींपर्यंत पोचतो, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक रक्तात येतं, साखर वाढते. पुरेसं कॉर्टिसॉल झालं की तेच मेंदूला ‘आता बास’ असं कळवतं. ताण रोजचाच झाला की हा ब्रेक नीट लागत नाही. त्यात पाळीचं काम. कॉर्टिसॉल एरवी सकाळी चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. आठवड्याला शिफ्ट बदलली तर शरीराचं घड्याळ तेवढ्यात जुळत नाही. झोप मोडते, लक्ष उडतं, मग ओतलेल्या भागांचं (कास्टिंगचं) रिजेक्शन वाढतं आणि कधी मशीनवर हात सापडतो.

समुपदेशक इथे काय करतो? ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे सांगायला चहाच्या गाड्यावरचे दोस्त आहेतच. तो आधी ऐकतो. मग ‘साहेब ओरडले, म्हणजे नोकरी गेलीच’ यासारखा विचार समोर ठेवून त्याला पुरावा काय, हे ज्याचं त्याला तपासायला लावतो.

पण समुपदेशकाची खोली एचआरच्या केबिनला लागून असेल, तर तिथे कोण बोलणार? खानापूर-निपाणीकडच्या माणसांत कुणी ना कुणी पाहुणा, म्हणजे नातेवाईक, निघतोच. शिवाय आमच्याकडे नोटीस कन्नडमध्ये, फॉर्म इंग्रजीत आणि शिव्या मराठीत. रडगाणं तरी परक्या भाषेत गायला लावू नये. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं.

तरीही सगळा भार समुपदेशकावर टाकून मालकाला मोकळं होता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कामाच्या रचनेतले बदल आणि वरिष्ठांचं प्रशिक्षणही आहे. पाळीचं वेळापत्रक महिनाभर आधी लावणं, मोल्डिंगवाल्यांना कामाचा क्रम ठरवू देणं, याला फारसा खर्च नाही. समुपदेशकाने कुणाचंही नाव सांगायचं नाही. पण एकाच मोठ्या विभागातून माणसं येत राहिली, तर तेवढं त्याने मालकाच्या कानावर घालावं, आणि मालकाने त्या विभागाच्या सुपरवायझरला आधी प्रशिक्षणाला पाठवावं.