हलक्या पोलादी फ्रेमची पार्श्वभूमी: नळीची भिंत पातळ होत गेली त्याची गोष्ट

रोड सायकलच्या पोलादी फ्रेमचे वजन उतरवायचे तर मुख्य जागा एकच, नळीच्या भिंतीची जाडी. लगला (नळ्यांची टोके जिच्यात बसतात त्या धातूच्या बाहीला) छिद्रे पाडून, बॉटम ब्रॅकेटचा शेल (पेडलचा आस बसतो ती आडवी नळी) पोखरून थोडे ग्रॅम निघतात. मोठी बचत हवी असेल तर नळीच्या मधल्या भागातले धातूच कमी करावे लागते. सव्वाशे वर्षे हेच चालले आहे. दर टप्प्यावर वजन कुठून कमी झाले हे पाहिले, की आजच्या दीड किलोच्या पोलादी फ्रेमकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हे नीट उमगते.

सुरुवात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. रेनॉल्ड्स घराण्याचा धंदा खिळे बनवण्याचा. त्या काळी सायकलची पातळ नळी जाड लगमध्ये बसवली की ती सांध्याच्या कडेलाच तुटायची, कारण ताण तिथे सर्वांत जास्त आणि जोडकामाच्या आचेने पोलाद नरम पडलेलेही तिथेच. सगळी नळी जाड घ्यावी तर फ्रेम जड होई. १८९७ मध्ये आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी बटेड नळीचे पेटंट घेतले: बाहेरचा व्यास सगळीकडे सारखा, पण आतून टोकांना भिंत जाड आणि मध्ये पातळ. हे साधते कसे? पायरी असलेला मँड्रेल (आतला दांडा) नळीत घालून नळी डायमधून (अरुंद भोकाच्या साच्यातून) ओढतात, म्हणजे मधली भिंत दाबली जाऊन पातळ होते. मग मँड्रेल आत अडकतो. तो सोडवण्यासाठी नळी तिरप्या रोलरांतून फिरवून किंचित फुगवतात. आजही हलकी पोलादी फ्रेम याच कल्पनेवर उभी आहे.

१९३५ मध्ये रेनॉल्ड्सने ५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद आणले. ताणशक्ती (ओढून तोडायला लागणारा ताण) ७०० ते ८०० मेगापास्कलच्या घरात, पितळेच्या ब्रेझिंगची (पितळ वितळवून सांधा जोडण्याची) आच सोसणारे, थंड अवस्थेत वाकवून सरळ करता येणारे. पुढे जॅग्वारच्या ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही याच नळ्या होत्या. रेनॉल्ड्स १९२८ पासून ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या समूहात होती. त्याच समूहाने मुरुगप्पा घराण्याबरोबर १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स काढली, म्हणून आपल्या गावोगावच्या हर्क्युलिसचे दूरचे नाते या नळ्यांशी पोहोचते. नाते फक्त घराण्याचे. आपल्याकडच्या रोडस्टरला ओझे वाहायचे होते, त्यामुळे तिच्यात साधे, जाड भिंतीचे पोलाद आले आणि ते योग्यच होते.

वजनाची खरी चुरस मात्र फ्रान्समध्ये रंगली. १९३०च्या दशकात तिथे हलक्या पण पूर्ण सजलेल्या सायकलींच्या तांत्रिक स्पर्धा होत. मडगार्ड, दिवे, गिअर सगळे असलेली सायकल खडबडीत डोंगरी रस्त्यांवरून चालवून दाखवायची आणि मोडतोडीला गुण कापले जायचे. १९३८ मध्ये रेने हर्स यांनी ७.९४ किलोची सायकल उतरवली, तीही मडगार्ड आणि दिव्यांसकट. नळ्या पातळ होत्याच, पण वजनाचा मोठा भाग त्यांनी स्वतः घडवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुट्या भागांतून वाचवला होता. आज हलकी सायकल बांधणाऱ्यानेही हा क्रम लक्षात ठेवावा: चाके, टायर, क्रँक, सीटपोस्ट आधी, फ्रेमची भिंत शेवटी.

इटलीत आंजेलो लुइजी कोलोंबो यांनी १९१९ मध्ये मिलानला कोलंबस कंपनी सुरू केली. तिचा क्रोम-मॉलिब्डेनमचा एसएल हा नळ्यांचा संच अनेक दशके शर्यतीचे माप ठरला. मुख्य नळ्यांची भिंत टोकाला ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर, न कापलेल्या संचाचे वजन सुमारे १.९ किलो. दणकट स्वारांसाठी एसपी, १.० आणि ०.७ मिलिमीटरचा, सुमारे ३५० ग्रॅम जड. आणि दुसऱ्या टोकाला केएल, ०.५ मिलिमीटरच्या सरसकट पातळ नळ्यांचा, गुळगुळीत रस्त्यावरच्या खास प्रसंगांसाठी. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी एडी मेर्क्स यांनी मेक्सिको सिटीच्या ट्रॅकवर तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. एर्नेस्तो कोल्नागो यांनी बांधलेली ती सायकल सुमारे पावणेसहा किलोची होती, पोलादी फ्रेमची. ब्रेक नाहीत, गिअर एकच, साखळीलाही छिद्रे. एका तासासाठी बांधलेले यंत्र रोजच्या रस्त्याचे माप ठरू शकत नाही, पण त्या दशकात छिद्रे पाडण्याचे वेड पसरले ते यातूनच.

जपानची इशिवाता कंपनी तर संचाचे वजनच नावात सांगायची. ०२२ म्हणजे २.२ किलो, ०१९ म्हणजे १.९, आणि ०१५ म्हणजे दीड किलो. ग्राहकाशी इतका सरळ व्यवहार या धंद्यात क्वचितच दिसतो.

खरे वळण १९७०च्या दशकाच्या मध्याला आले. रेनॉल्ड्सने ५३१ लाच हीट ट्रीटमेंट (तापवून-थंड करून कडक करण्याची प्रक्रिया) देऊन ७५३ काढले. ताणशक्ती हजार मेगापास्कलच्या पुढे गेली आणि भिंत काही ठिकाणी ०.३ मिलिमीटरपर्यंत उतरली. अट मात्र कडक होती. पितळ वितळायला नऊशे अंशांच्या आसपासची आच लागते आणि त्या आचेत ही ट्रीटमेंट उतरते. म्हणून सातशेच्या आत-बाहेर वितळणारे चांदीचे मिश्रण वापरायचे. चांदी पातळ वाहते, फट भरून काढत नाही, त्यामुळे लग आणि नळीमधली जागा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच हवी. कारागिराने नमुन्याचा सांधा रेनॉल्ड्सकडे पाठवायचा, तो तपासणीत उतरला तरच नळ्या मिळायच्या. टीआय-रॅलेच्या संघासाठी इल्केस्टनच्या विशेष कार्यशाळेत जेराल्ड ओ'डोनोव्हन यांच्या देखरेखीखाली या फ्रेम बनत. १९८० चा तूर द फ्रान्स योप झुटेमेल्क यांनी याच संघातून जिंकला.

इथे थोडे गणित करायला हवे, कारण पुढची सगळी देवाणघेवाण त्यातच आहे. हीट ट्रीटमेंटने आणि नव्या मिश्रधातूने पोलादाची ताकद वाढते, ताठपणा वाढत नाही. साधी गावठी नळी असो की सर्वांत महाग, यंगचा गुणांक (धातूच्या ताठपणाचे माप) २०० ते २१० गिगापास्कलच राहतो आणि घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. वाकण्याविरुद्धचा ताठपणा व्यासाच्या घनाने आणि जाडीच्या पटीत वाढतो, तर वजन व्यास आणि जाडी दोन्हींच्या पटीत. जुन्या मापाची २८.६ मिलिमीटरची डाऊन ट्यूब (हँडलकडून पेडलकडे उतरणारी नळी) घ्या, मधली भिंत ०.६. मीटरला ४१४ ग्रॅम भरते. व्यास तोच ठेवून भिंत ०.४ केली तर वजनाबरोबर ताठपणाही जवळपास एक-तृतीयांश जातो आणि जोरकस स्वाराची फ्रेम बॉटम ब्रॅकेटपाशी डोलू लागते. पण व्यास ३१.८ करून भिंत ०.४ ठेवली तर वजन मीटरला ३१० ग्रॅम, म्हणजे पाव भागाने कमी, आणि ताठपणा ९४ टक्के टिकतो. ३४.९ ला ०.४ घेतली तर वजन अठरा टक्के कमी होऊन ताठपणा उलट पाव भागाने वाढतो.

मग व्यास वाढवतच का नाही नेला? कारण भिंतीच्या मानाने व्यास फार झाला की नळी वाकण्याऐवजी एका जागी चुणी पडून बसते, रिकाम्या शीतपेयाच्या डब्यासारखी. व्यास भागिले जाडी पन्नासच्या आसपास ठेवावे, असा जुन्या कारागिरांचा ठोकताळा. २८.६ ला ०.६ म्हणजे ४८. ३१.८ ला ०.४ म्हणजे जवळपास ८०. ३४.९ ला ०.४ म्हणजे ८७. हा ठोकताळा आजच्या फ्रेम ओलांडतात, कारण पोलादाची ताकद दुपटीला पोहोचली आहे. पोचा पडण्याला होणारा विरोध ढोबळमानाने जाडीचा वर्ग गुणिले ताकद असा मोजता येतो. भिंत ०.६ ची ०.४ केली तर पहिला भाग ४४ टक्क्यांवर येतो, ताकद दुप्पट केली की हिशेब ९० टक्क्यांच्या जवळ सावरतो. चुणीचे मात्र तसे नाही. ती मुख्यतः ताठपणावर आणि व्यास-जाडीच्या प्रमाणावर ठरते आणि आधीच पोचा असेल तर फारच लवकर पडते. म्हणून जाड नळीवर निव्वळ दिसायला वाईट असणारा पोचा ०.४ च्या नळीवर फ्रेम बाद करू शकतो.

मोठ्या व्यासाचा धडा पोलादाने अ‍ॅल्युमिनियमकडून घेतला. गॅरी क्लाइन आणि नंतर कॅननडेलच्या जाडजूड नळ्यांनी ताठपणा कसा मिळवायचा ते दाखवले होते. कोलंबसने निवाक्रोम हे व्हॅनेडियम-नायोबियमचे पोलाद आणि ओव्हरसाइज संच आणले. १९९५ मध्ये रेनॉल्ड्सचे ८५३ आले. त्याचा गुण असा की वेल्डिंगनंतर हवेत थंड होताना सांध्याजवळचे पोलाद कडक होते. जोडलेल्या जागीच कमजोर होण्याचा जुना रोग इथे उलटा झाला, त्यामुळे टिग वेल्डिंगने (विजेच्या ठिणगीने नळ्या थेट वितळवून जोडून), लगचे वजन टाळून, हलकी फ्रेम करणे सोपे झाले. पुढे कोलंबस स्पिरिटची मधली भिंत ०.३८ पर्यंत गेली, अमेरिकेत ट्रू टेंपरने एस३ संच काढला आणि रेनॉल्ड्सच्या ९५३ या स्टेनलेस मॅरेजिंग पोलादाने ताणशक्ती १,७५० मेगापास्कलच्या वर नेली, भिंत पुन्हा ०.३.

पण तोवर शर्यत हातची गेली होती. मिगेल इंदुराइन यांचा १९९४ चा विजय पोलादी फ्रेमवरच्या तूर-विजयांतला शेवटचा मानला जातो. त्यानंतर अ‍ॅल्युमिनियम, मग कार्बन. २००० मध्ये यूसीआयने (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने) सायकलचे किमान वजन ६.८ किलो ठरवले. कार्बनची फ्रेम ८०० ग्रॅमची असताना ते सहज गाठता येते. दीड किलोच्या पोलादी फ्रेमला कार्बन फोर्क, हलकी चाके आणि मोठा खर्च यांच्या बळावर सात-साडेसात किलोपर्यंत पोहोचता येते. २०१३ मध्ये ब्रिटनच्या मॅडिसन-जेनेसिस संघाने ९५३ च्या फ्रेमवर व्यावसायिक शर्यती लढल्या, तो अपवाद.

मग हौशी स्वाराला काय मिळते? १.९ किलोच्या फ्रेमऐवजी १.५ किलोची घेतली तर वाचले ४०० ग्रॅम. स्वार आणि सायकल मिळून ७८ किलो धरले तर हा अर्धा टक्का. सिंहगडासारख्या अर्ध्या तासाच्या चढावर सुमारे नऊ सेकंद. यासाठी पैसे मोजायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या मते हलक्या पोलादाचे खरे आकर्षण सेकंदांत नाही. बारीक गोल नळ्या, मापाप्रमाणे एकेक फ्रेम बांधून घेण्याची सोय, आणि जोर लावताना फ्रेमने किंचित लवून साथ देणे, हे ते आकर्षण. लांब पल्ल्याचे अनेक स्वार मुद्दाम जुन्या व्यासाच्या, ०.४ भिंतीच्या नळ्या मागतात ते या लवचीकतेसाठी. खड्ड्यांतला आराम मात्र फ्रेमकडून मागू नये. त्रिकोणी सांगाडा उभ्या दिशेत फारसा दबत नाही. २५ ऐवजी ३० मिलिमीटरचा टायर आणि कमी हवा यांनी कितीतरी जास्त फरक पडतो.

गमवावे काय लागते, तेही नेमके सांगायला हवे. पोलाद लोक निवडतात ते दुरुस्ती होते म्हणून, आणि नेमका तोच गुण भिंतीबरोबर पातळ होतो. ५३१ किंवा एसएलच्या मागच्या टोकाची रुंदी १२६ वरून १३० मिलिमीटर करायला कारागीर हाताने ताणून घेतो. ७५३ किंवा ८५३ वर ते करू नये: नळी स्प्रिंगसारखी परत येते, जास्त जोर लावला की चुणी किंवा तडा. फ्रेम दुरुस्तीच्या स्टँडला टॉप ट्यूबने (वरच्या आडव्या नळीने) कधीही पकडू नये, सीटपोस्टने पकडावी. गाडीवरच्या कॅरिअरचा पट्टा मधल्या पातळ भागावर आवळू नये. पुढचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) क्लँपचा असेल तर ०.४ च्या सीट ट्यूबवर तो चेपण बसवतो, म्हणून ब्रेझ केलेला टेकू असलेली फ्रेम घ्यावी.

बांधणीतली चूकही इथे महाग पडते. बटेड टोक काही सेंटिमीटरचेच असते. छोट्या मापाच्या फ्रेमसाठी नळी कापताना कारागिराने चुकीच्या टोकाकडून जास्त कापले, तर वेल्ड थेट पातळ भागात येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. वापरलेली फ्रेम घेताना हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या नळीच्या) मागे, डाऊन ट्यूबच्या खालून आणि टॉप ट्यूबच्या बाजूने बोट फिरवावे. समोरून धडक बसली असेल तर तिथे फुगवटा लागतो किंवा रंगाला बारीक सुरकुत्या दिसतात. उजवा चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी), बाटलीच्या पिंजऱ्याचे बॉस (स्क्रूच्या बैठका), लगची टोके आणि मागचे ड्रॉपआउट (चाकाचा आस बसतो ती खाच) टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहावीत.

गंजाचा हिशेब आपल्या पावसाळ्यात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत अधिक कडक आहे. आतून ०.१ मिलिमीटर खाल्ले गेले तर ०.६ ची भिंत सहाव्या हिश्श्याने घटते, ०.४ ची चौथ्या हिश्श्याने, आणि बाहेर रंग शाबूत असल्याने दिसत काहीच नाही. जूनच्या आधी सीटपोस्ट, फोर्क आणि बॉटम ब्रॅकेट काढून नळ्यांत गंजरोधक तेलाचा फवारा द्यावा, फ्रेम सगळ्या बाजूंनी कलती करून तेल फिरवावे, रात्रभर निथळू द्यावे. शेलच्या तळाला छिद्र नसेल तर चांगल्या कारागिराकडून तीन-चार मिलिमीटरचे पाडून घ्यावे. भर पावसात फिरून आल्यावर सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी ठेवावी.

अलीकडे वजनाची दिशा थोडी उलटली आहे. डिस्क ब्रेकचा सगळा जोर डाव्या चेनस्टेवर आणि फोर्कच्या एका पायावर येतो, त्यामुळे तिथे भिंत जाड घ्यावी लागते आणि माउंट, थ्रू-अ‍ॅक्सल (आरपार जाणारा जाड आस) यांचे वजन वेगळे. ट्रू टेंपरने २०१०च्या दशकाच्या उत्तरार्धात सायकलच्या नळ्या बनवणे थांबवले. आज हलक्या पोलादी रोड फ्रेमसाठी कारागीर प्रामुख्याने रेनॉल्ड्स, कोलंबस आणि इशिवाताच्या माणसांनी पुढे चालवलेली जपानची काइसेइ यांच्या नळ्या घेतात. नळ्या सांगताना स्वाराचे वजन, लावायचा जोर आणि रस्त्याची अवस्था कारागिराला खरी सांगावी. ऐंशी किलोच्या पुढच्या स्वाराला जाणता कारागीर डाऊन ट्यूबची मधली भिंत ०.५ च्या खाली सुचवणार नाही.