वजनाचं साप्ताहिक इंजेक्शन बदलताना

मार्च २०२६मध्ये भारतात सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत संपली आणि वजन कमी करणाऱ्या साप्ताहिक इंजेक्शनांचा बाजार पालटला. तोवर चर्चा दोनच नावांची होती: नोव्हो नॉर्डिस्कचं वेगोव्ही, म्हणजे सेमाग्लुटाइड, आणि एली लिलीचं माउंजारो, म्हणजे टिर्झेपाटाइड. आता भारतीय कंपन्यांची स्वस्त सेमाग्लुटाइडही दुकानात आहेत. त्यामुळे माउंजारोवर दरमहा मोठी रक्कम खर्च करणाऱ्याला बदलाचा मोह होणं साहजिक आहे. उलट दिशेनंही लोक जातात. सेमाग्लुटाइडवर वजनाचा काटा महिनोन्‌महिने हलेनासा झाला की माउंजारो खुणावू लागतं.

ब्रिटनमध्ये असा प्रसंग आधीच येऊन गेला. १ सप्टेंबर २०२५पासून तिथे माउंजारोची किंमत वाढली. १५ मिलिग्रॅमच्या महिन्याभराच्या इंजेक्शन-पेनची कंपनीची किंमत १२२ पौंडांवरून ३३० पौंडांवर गेली. स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्यांनी वेगोव्हीकडे मोर्चा वळवला, आणि तिथल्या डॉक्टर-फार्मासिस्टांपुढे एक अडचणीचा प्रश्न आला: १० मिलिग्रॅम माउंजारो घेणाऱ्याला सेमाग्लुटाइड किती द्यायचं? याचं उत्तर देणारं कोष्टक कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात नाही. तज्ज्ञांनी मांडलेले काही अंदाज आहेत, पण ते डॉक्टरांना सुरुवात कुठून करावी हे ठरवायला मदत म्हणून. व्हॉट्सअॅपवर फिरणारी ‘हे इतकं म्हणजे ते तितकं’ छापाची कोष्टकं मात्र मी तरी कचऱ्यात टाकेन.

का, ते बघू. सेमाग्लुटाइडच्या साप्ताहिक डोसच्या नेहमीच्या पायऱ्या आहेत ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ मिलिग्रॅम. टिर्झेपाटाइडच्या २.५, ५, ७.५, १०, १२.५ आणि १५. दोन्हींचे रेणू आकारानं जवळपास सारखेच आहेत. टिर्झेपाटाइडचा थोडा जड, इतकंच. तरी एकाचा नेहमीचा वरचा डोस अडीच मिलिग्रॅमच्या आत आणि दुसऱ्याचा पंधरा. फरक पडतो तो पेशींवर रेणू कुठे आणि किती घट्ट बसतो यामुळे. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक स्रवतं. ते इन्सुलिन वाढवतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. सेमाग्लुटाइड फक्त याच संप्रेरकाच्या जागी काम करतं. टिर्झेपाटाइड दोन संप्रेरकांच्या जागा घेतं: जीएलपी-१ची आणि जीआयपी या आतड्यातल्याच दुसऱ्या संप्रेरकाची. त्यातही त्याचा ओढा जीआयपीकडे जास्त. जीएलपी-१च्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवर ते संप्रेरक जिथे बसतं त्या जागेवर, त्याची पकड बरीच सैल आहे. म्हणून मिलिग्रॅमला मिलिग्रॅमनं भागून हाती काही लागत नाही.

माझ्या मते मिलिग्रॅमपेक्षा इथे कॅलेंडर महत्त्वाचं आहे.

शरीरात तयार होणारं जीएलपी-१ एक-दोन मिनिटांत निम्मं होतं. या औषधांच्या रेणूंना मेदाम्लाची एक लांब शेपटी जोडलेली असते. ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटते आणि औषध त्याच्यासोबत दिवसेंदिवस फिरत राहतं. सेमाग्लुटाइड निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात, टिर्झेपाटाइडला साधारण ५. म्हणजे पुढचं इंजेक्शन घ्यायची वेळ येते तेव्हा मागचं संपलेलं नसतं, आणि त्याच्या मागचंही पूर्ण गेलेलं नसतं.

हिशोब करून पाहा. कोणी दर रविवारी २.४ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइड घेतं आहे. दर आठवड्याला निम्मं उरतं, त्यावर नवं २.४ पडतं. असं चार-पाच आठवडे चाललं की पातळी स्थिरावते: इंजेक्शननंतर शरीरात साधारण ४.८ मिलिग्रॅम आणि पुढच्या इंजेक्शनच्या आधी २.४. आता ही व्यक्ती गावी गेली, पेन घरीच राहिलं आणि लागोपाठ दोन रविवार चुकले. तिसऱ्या रविवारी, म्हणजे शेवटच्या इंजेक्शननंतर तीन आठवड्यांनी, उरतं सुमारे ०.६ मिलिग्रॅम. दर आठवड्याला ०.५ घेणाऱ्याच्या शरीरात इंजेक्शनच्या आधी साधारण इतकंच असतं. म्हणजे पेनवर आकडा २.४चा असला तरी शरीर ०.५च्या पायरीवर उतरलं आहे. त्या दिवशी पुन्हा २.४ टोचणं म्हणजे दोन पायऱ्या गाळून वर उडी मारणं. (शोषणाचा वेग वगैरे बारकावे सोडलेला हा ढोबळ हिशोब आहे, पण दिशा हीच.)

उडी मारली की काय होतं? या औषधांनी जठर रिकामं होण्याचा वेग सुरुवातीला सगळ्यात जास्त मंदावतो आणि हळूहळू शरीर त्याला सरावतं. मळमळीचं केंद्र मेंदूत असतं, तेही असंच सरावतं. पहिल्या काही आठवड्यांत मळमळणारा माणूस दोन-तीन महिन्यांत नीट जेवू लागतो तो यामुळे. चार-चार आठवड्यांच्या पायऱ्या त्यासाठीच ठेवल्या आहेत. माउंजारोचा पहिला २.५चा डोस वजन घटवण्यासाठी नाहीच, तो सवय लावण्यासाठी आहे. खंड पडला की औषध उतरतं तशी ही सवयही मोडते.

आता प्रत्यक्ष बदलाकडे. सर्वसाधारण पद्धत अशी की जुन्या औषधाचं शेवटचं इंजेक्शन घेतल्यावर एक आठवडा थांबायचं आणि पुढच्या ठरलेल्या वारी नवं औषध सुरू करायचं. दोन्ही एकत्र कधीही घ्यायची नाहीत. ‘घरात एक पेन उरलंय, वाया कशाला घालवा’ हा आपला काटकसरी स्वभाव इथे महागात पडतो, कारण दोन्ही औषधं जीएलपी-१च्या त्याच ग्राहींना चेतवतात. जुनं औषध अंगातून पूर्ण जाईपर्यंत थांबायची मात्र सहसा गरज नसते. तसं करायचं तर सेमाग्लुटाइडसाठी पाचेक आठवडे लागतील, आणि तोवर भूक परतून कमावलेलं थोडं हातचं जाईल.

नवं औषध कोणत्या पायरीवरून सुरू करायचं, हे ठरवताना डॉक्टर तीन गोष्टी विचारतात. शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं, कितीचं, आणि ते सोसलं का. सगळं सुरळीत होतं आणि खंडही नव्हता, तर अगदी तळापासून सुरुवात करण्याऐवजी मधली पायरी निवडता येते. आधीचं जीएलपी-१ औषध चांगलं सोसलेल्या टाइप २ मधुमेहींना थेट ५ मिलिग्रॅम टिर्झेपाटाइड देऊन पाहिलेलं आहे आणि बहुतेकांना ते झेपलं. पण बदलाचं कारणच उलट्या किंवा जुलाब असेल, तर आधी पोट शांत होऊ द्यायचं आणि तळापासून चढायचं. लागोपाठ तीन किंवा जास्त डोस चुकले असतील तरीही बहुतेक डॉक्टर तळाचीच पायरी धरतात. घाई करून काही मिळत नाही. एखादा महिना कमी डोसवर गेला म्हणून आधीची मेहनत पाण्यात जात नाही.

परिणामाची अपेक्षा मात्र आधीच जुळवून घ्यावी. ७५१ लोकांवर ७२ आठवडे चाललेल्या, २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही दोन औषधं समोरासमोर होती. टिर्झेपाटाइड गटाचं वजन सरासरी २०.२ टक्के उतरलं, सेमाग्लुटाइड गटाचं १३.७ टक्के. म्हणून माउंजारोकडून सेमाग्लुटाइडकडे येणाऱ्याला भूक थोडी जागी झाल्यासारखी वाटली, किलो-दोन किलो परत चढले, तर औषध बनावट आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. सरासरी ही शेवटी सरासरीच. काहींना सेमाग्लुटाइडच जास्त मानवतं.

एका कंपनीच्या सेमाग्लुटाइडवरून दुसऱ्या कंपनीच्या सेमाग्लुटाइडवर जाणं त्या मानानं सोपं. औषध तेच, खंड नसेल तर डोसही सहसा तोच राहतो. धोका असतो तो टोचायच्या साधनात. एक पेन एकदाच वापरून टाकायचं असतं, दुसऱ्यात महिन्याचे चार डोस असतात, तिसरं औषध कुपीत येतं आणि सिरिंजनं भरून घ्यावं लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं जुलै २०२४मध्ये इशारा दिला होता: कुपीतलं सेमाग्लुटाइड सिरिंजमध्ये भरताना मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांची गल्लत होऊन काहींनी ठरलेल्या डोसच्या ५ ते २० पट औषध टोचून घेतलं होतं. आपल्याकडे त्यात आणखी एक भर आहे. भारतात इन्सुलिनच्या दोन तऱ्हेच्या सिरिंजा मिळतात, लाल टोपणाची ४० युनिटची आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटची. १०० युनिटच्या सिरिंजवर १० चा आकडा म्हणजे ०.१ मिलिलिटर, ४० युनिटच्या सिरिंजवर तोच १० म्हणजे ०.२५ मिलिलिटर. शेजारच्या काकूंची सिरिंज वापरली की डोस अडीचपट! युनिटच्या भाषेत कोणी डोस सांगितला, तर कोणत्या सिरिंजवर आणि किती मिलिलिटर, हे कागदावर लिहून मागावं. शक्य असेल तर पहिलं इंजेक्शन दवाखान्यात, त्यांच्या देखत घ्यावं.

मधुमेह असेल तर मामला अधिक नाजूक. ही इंजेक्शनं एकटी सहसा साखर फार खाली आणत नाहीत, पण सोबत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर आणतात. नव्या औषधानं जेवण कमी झालं आणि त्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिल्या, की घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. त्यात संकष्टी किंवा एकादशी आली तर बघायलाच नको. बदलाच्या आठवड्यांत उपवास बाजूला ठेवणं आणि साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासणं बरं. व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांसारख्या मधुमेहाच्या ‘ग्लिप्टिन’ गोळ्याही जीएलपी-१च्याच वाटेनं काम करतात, त्यामुळे या इंजेक्शनांसोबत त्या घेण्यात सहसा अर्थ नसतो. जुन्या चिठ्ठीवर त्या तशाच राहून गेल्या असतील तर डॉक्टरांच्या नजरेस आणाव्यात. डोळ्याच्या पडद्याला मधुमेहाचा त्रास असेल तर बदलाआधी डोळे तपासून घ्यावेत. साखर झपाट्यानं उतरली की तो त्रास काही काळ वाढू शकतो.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना ही माहिती क्वचितच कोणी आपणहून देतं. टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर जठर मंदावून गोळीचं शोषण घटू शकतं. त्यामुळे प्रत्येक वेळी पुढचे ४ आठवडे निरोधसारखं दुसरं साधन वापरायला सांगितलेलं आहे. सेमाग्लुटाइडसाठी अशी सूचना नाही. म्हणजे सेमाग्लुटाइडवरून माउंजारोवर जाताना हा नियम नव्यानं लागू होतो, आणि वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढलेलीही असते. मूल हवं असेल तर दोन्ही औषधं आधीच थांबवायची असतात. सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी.

बदलाचे पहिले आठवडे शक्यतो एप्रिल-मेमध्ये आणू नयेत, विशेषतः नागपूर-चंद्रपूरकडे राहणाऱ्यांनी. उलट्या-जुलाब आणि ४५ अंशांचं ऊन एकत्र आलं की शरीरातलं पाणी संपतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. या औषधांनी तहानही कमी जाणवू शकते, तेव्हा पाणी घड्याळ लावून प्यावं. पोटात वरच्या बाजूला सुरू होऊन पाठीकडे जाणारी, न थांबणारी कळ म्हणजे स्वादुपिंडाला सूज असू शकते. तेव्हा पुढचं इंजेक्शन थांबवून थेट इस्पितळ गाठायचं. एका डोळ्याची दृष्टी अचानक कमी झाली तरीही तसंच. सेमाग्लुटाइडच्या बाबतीत डोळ्याच्या मज्जातंतूचा हा दुष्परिणाम अत्यंत दुर्मीळ आहे, पण २०२५मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी तो मान्य केला आहे.

कधी न बदलणंच शहाणपणाचं असतं. हृदयविकार असलेल्या, मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींवर झालेल्या मोठ्या चाचणीत २.४ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइडनं हार्ट अॅटॅक, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटलं होतं. अशा माणसानं केवळ आणखी चार किलो उतरावेत म्हणून औषध बदलण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावं. आणि येत्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया किंवा एंडोस्कोपी ठरली असेल तर बदल पुढे ढकलावा. नवं औषध सुरू झालेल्या काळातच जठर सर्वांत मंद असतं, आणि भूल देताना त्यात अन्न उरलेलं असलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. भूलतज्ज्ञांना दोन्ही इंजेक्शनांची नावं, डोस आणि शेवटच्या तारखा सांगाव्यात. जुनं बंद केलं असलं तरी त्याचंही नाव सांगायचं, कारण ते अजून रक्तात असतं.